आठ दिवसांत परत येणारी रॅम

“काका, तुमच्याकडून रॅम नेलेले लोक आठ दिवसांत ती परत का आणून देतात?”

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. प्रश्न तिचा नव्हताच. दुसऱ्या शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावून तो तिच्या तोंडात कोंबला होता आणि आता त्या तिघी दुकानाबाहेर, काचेला नाकं चिकटवून फिदीफिदी हसत होत्या. गेल्या वर्षी ही पोरगी उत्तर येत असूनही बाकाखाली डोकं घालायची. यंदा मात्र कुणाच्या बापाला भीत नव्हती. शाळेच्या गेमिंग टीमच्या निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं होतं ना!

दुरुस्तीवाल्या काकांनी उघड्या मदरबोर्डवरून नजर उचलली. फारच सावकाश उचलली.

“चालत नाही म्हणून आणतात का?” भिंगरीने पुन्हा रेटलं.

“चालते म्हणून,” काका म्हणाले आणि खाली वाकले. “हवी का?”

हवी का म्हणजे काय! तिचा कॉम्प्युटर आतेभावाने वापरून वापरून टाकलेला, दहा वर्षांचा म्हातारा गडी. चार जीबीत गेमचा नकाशा उघडेपर्यंत समोरचे तिला मारून वर नाचूनही घ्यायचे. नव्या पिढीची रॅम त्याच्या खाचेत बसत नव्हती, आणि जुनी बाजारात होती ती सोन्याच्या भावाने. काकांच्या खणातली आठ जीबीची पट्टी मात्र तिच्या डब्यात साठलेल्या पैशांत आरामात बसत होती. शनिवारपर्यंत सगळ्यात जास्त सामने जिंकतील ते पाच जण टीममध्ये. आज रविवार. मग परत आणणारे गेले उडत!

घरी येऊन तिने आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, अंगातली वीज उतरवली, आणि पट्टी खाचेत दाबली. दोन्ही बाजूंच्या खुट्ट्या खट्‌कन बसल्या. म्हातारा गडी जो काय धावला! नकाशा डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर. फोनवर तिघींनी इतका आरडाओरडा केला की बाबांनी येऊन दार लावून घेतलं.

मंगळवारी शाळेतून आली तर आई स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

“अगं, तू बाहेर कधी गेलीस?”

“सकाळी! शाळेत!”

“चल, काहीतरीच. आत्ता तर आतून म्हणालीस, थांब गं, पाच मिनिटं.”

भिंगरी हसली. हसत हसतच खोलीत गेली. कॉम्प्युटर चालू होता. खुर्चीची गादी गरम होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी. पडद्यावर तिच्याच खात्यात दोन ते चार या वेळात जिंकलेले सहा सामने दिसत होते. त्या वेळी ती विज्ञानाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळी धूत होती.

कुणीतरी खातं हॅक केलं असणार. तिने पासवर्ड बदलला, कागदावरसुद्धा लिहिला नाही. बुधवारी दुपारी आठ सामने जिंकलेले.

आता खरं तर कुणाला तरी सांगायचं. पण भिंगरी यादीत अकराव्या नंबरवरून तिसऱ्यावर आली होती, आणि तिसऱ्या नंबरवर बसलेल्या माणसाला तोंड उघडणं फार जड जातं. संध्याकाळी स्वतः खेळली, तीन सामने हरली, आणि रात्री त्या तिघींतल्या ढापणीचा फोन आला, बाकीच्या दोघींनाही जोडून.

“भिंगरे, दुपारची तू म्हणजे आग आहेस, आग! संध्याकाळी काय होतं गं तुला? संध्याकाळची तू जरा बावळटच खेळतेस.”

सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली, पण फोन लवकर ठेवून दिला. तिच्या मैत्रिणींना दुसरीच आवडत होती.

शुक्रवारी शाळा अर्धीच होती. तिने चावीने हळूच दार उघडलं. बोळात तिच्या खोलीसमोर आई जेवणाचं ताट घेऊन उभी होती, पाठमोरी. आतून हसू येत होतं. भिंगरीचंच, शेवटी नाकातून फुस्स करणारं.

“अगं, गार होतंय,” आई दाराला म्हणाली.

“थांब गं आई, पाच मिनिटं!” आतून उत्तर आलं.

“आई,” मागून भिंगरी म्हणाली.

आई वळली. तिने लेकीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा लेकीकडे. ताटातली वाटी किणकिणायला लागली. आतलं हसू थांबलं. आत कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

भिंगरीने दार ढकललं. खोली रिकामी. खुर्ची एकटीच सावकाश फिरत फिरत तिच्या दिशेने वळली आणि थांबली.

तिने प्लगच उपटला. कॅबिनेट उघडलं, पट्टी ओढून काढली. बोट भाजेल इतकी तापली होती. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड आणून तिने पट्टीचे दोन तुकडे केले.

“अगं, परत तरी करायचीस!” आई ताट खाली ठेवत म्हणाली.

“परत केली की दुकानातले काका ती पुढच्याला देतात, आई. तुझ्यासारखीच कुणीतरी दाराशी उभी राहील.”

बाबा आले तेव्हा दोघी बाहेरच्या खोलीत चिकटून बसल्या होत्या. आईने सगळं सांगितलं. बाबा खोलीत जाऊन, पलंगाखाली वाकून, कपाट उघडून आले.

“कुणी नाही आत,” ते म्हणाले. “उद्या शेवटचा दिवस ना तुझा? हवं तर कुठूनतरी दुसरी रॅम बघतो मी.”

“नको बाबा.” भिंगरी उठून उभी राहिली. आवाज तिचाच होता आणि चांगला खणखणीत होता. “मी टीम निवडणाऱ्या सरांना फोन केलाय. दुपारचे सगळे सामने खोडायला सांगितलेत. ते माझे नव्हते. उद्या मी चार जीबीवर खेळणार, रखडत रखडत. हरले तर हरले, पण हरणारी मी असेन. कॉम्प्युटर आजपासून इथे, तुमच्या दोघांच्या समोर. आणि एक ऐका. मी डोळ्यांना दिसत नसेन, तर माझ्या हाकेला ओ द्यायची नाही.”