पिवळ्या रंगाची थोरली

मी एक जुनी रंग घोटणारी मिल आहे. आडवे ठेवलेले लोखंडी पिंप आणि पोटात चिनीमातीचे शेकडो गोळे, असे माझे रूप. तेल आणि रंगाची पूड आत टाकून बटण दाबले की मी गरगर फिरायची आणि गोळे ती पूड वाटून लोण्यासारखी मऊ करायचे. कारखान्यात आलेले पहिले यंत्र मी, म्हणून सगळे मला ‘थोरली’ म्हणत. मित्रांनो, आता मी फिरत नाही. पण माझी तक्रार नाही.

मला घडवणारा वेल्डर कानाने बहिरा होता. माझा जोड नीट बसला की नाही, हे तो तळहात टेकवून ओळखायचा. त्याने पाठ थोपटून मला गाडीवर चढवले आणि मी या गल्लीत आले. तेव्हा इथे रंगाचे सात छोटे कारखाने होते. गटाराच्या पाण्याकडे पाहिले की आज कोणाकडे कुठला रंग निघाला ते कळायचे!

आमच्याकडे रंग जुळवायला एक बाई होत्या. त्यांना सगळे नजरबाई म्हणत. दाराच्या उजेडात रंग लावलेल्या दोन पट्ट्या धरून त्या म्हणायच्या, “थेंबभर काळा हवा.” आणि खरोखर थेंबभरच लागायचा. आमचा पिवळा त्यांनीच बसवलेला. एकच हात दिला तरी लाकूड झाकणारा, बघताच मन प्रसन्न करणारा. लांबलांबचे दुकानदार तो मागून न्यायचे. मालक पाहुण्यांना माझ्यापाशी आणून सांगायचे, “हिच्या पोटातून निघतो तो.” मी फुगून जायची.

मग दिवस पालटले. मोठ्या कंपन्यांनी दुकानादुकानांत संगणकाची यंत्रे बसवली. गिऱ्हाइकाने तक्त्यातल्या रंगावर बोट ठेवावे आणि तो रंग डोळ्यांदेखत तयार व्हावा! छोट्या कारखान्यांना कोण विचारणार? सातांचे दोन उरले. आम्ही तगलो ते पिवळ्याच्या जोरावर.

पण त्या पिवळ्यात शिसे होते. शिशामुळेच तो इतका झळकायचा. ते मुलांच्या अंगात गेले तर मेंदूला घातक, हे आमच्या कारखान्यात कोणी बोलत नसे. पुढे शिशाला बंदी घालणारा नियम आला, तरी कोपऱ्यात जुन्या पुडीची पोती तशीच पडून होती.

अशात चार बालवाड्यांच्या खुर्च्या-टेबलांसाठी पिवळ्याची मोठी ऑर्डर आली. त्याच आठवड्यात नजरबाई तीन दिवस आल्या नाहीत. चौथ्या दिवशी आल्या त्या थेट माझ्यापाशी आणि माझ्या झाकणावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“पोती उघडायची ना?” मालकांनी विचारले.

“नाही उघडायची. माझ्या नातीच्या रक्तात शिसं निघालंय, मालक. पाळण्याचा कठडा चावत होती. तो पाळणा मीच रंगवलाय. आपल्याच डब्यातल्या पिवळ्यानं.”

मालक स्टूल ओढून बाईंसमोर बसले. “कशी आहे पोर?”

“लवकर कळलं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. पाळणा घरातून काढला.”

“पण बाई, ही ऑर्डर गेली तर कारखान्याला टाळं लागेल. एवढी एकच वेळ जुना काढू. तपासायला कोण येतंय?”

“मी आलेय ना!” नजरबाई म्हणाल्या. “टाळं लागलं तर लागू दे. पंधरा दिवस द्या मला. बिनशिशाचा बसवून बघते.”

मालकांनी पोत्यांकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, “बघा.”

नजरबाईंनी मला आतून घासले, तेलाने खळबळून धुतले, एकदा नव्हे, पाच वेळा. नवी पूड घातली. मी जीव लावून फिरले, मित्रांनो. असा रंग द्यायचा की बाईंचे दुःख धुऊन निघेल, एवढेच मनात होते. नमुना तपासायला गेला आणि उत्तर आले: शिसे आहे. पुडीत नव्हते. ते माझ्यात होते. इतक्या वर्षांत माझ्या गोळ्यांत, अस्तरात, जोडाजोडांत ते मुरले होते.

“थोरले, तुझ्यात आता नाही गं जमायचं,” नजरबाई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला रडता येत नाही, हे तेव्हा बरेच झाले.

शेजारच्या बंद कारखान्यात कधी न वापरलेली एक छोटी मिल होती. मालकांनी ती आणली. तिच्यातून नवा पिवळा निघाला, पण जरा फिकट. बालवाडीच्या मुख्य बाई पट्टी बघून म्हणाल्या, “आधीचा जास्त उठून दिसायचा.”

“हो, दिसायचा,” नजरबाई म्हणाल्या. “त्यात शिसं होतं. यात नाही. याला दोन हात द्यावे लागतात.”

मुख्य बाईंनी तपासणीचा कागद दोनदा वाचला. दोन बालवाड्यांची ऑर्डर गेली, दोन राहिल्या. तेवढ्यावर कारखाना उभा आहे. नात आता धावते, बडबडते, असे बाई सांगत असतात.

मी मागच्या खोलीत असते. माझ्या झाकणावर कुलूप आहे आणि ‘शिसे – उघडू नये’ अशी पाटी. मुलांनो, रंग घेताना त्यात काय आहे ते मोठ्यांना विचारायला लावा. घरात जुन्या रंगाचे पोपडे निघत असतील तर त्यांना हात लावू नका, लहान भावंडांना लावू देऊ नका, आणि लगेच मोठ्यांना दाखवा. एवढे माझे ऐका.

संध्याकाळी घरी जाण्याआधी नजरबाई माझ्यापाशी येतात. “येते गं, थोरले,” म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवतात. मग नळावर जाऊन तो हात साबण लावून कोपरापर्यंत चोळून धुतात, कारण घरी नात वाट बघत असते. तो पाण्याचा आवाज थांबेपर्यंत मी ऐकत राहते. त्या घाईत असल्या, की मनातल्या मनात म्हणते, “बाई, अजून एकदा धुवा.”