जावयाला येतं ते

जनार्दनरावांनी खाटेशेजारच्या यंत्राची पिन भिंतीतून उपटली, तरी त्याचा हिरवा दिवा विझेना. तेव्हा स्वयंपाकघरातलं जाड बुडाचं पितळी पातेलं आणून त्यांनी ते यंत्रावर पालथं घातलं आणि वर वरवंटा ठेवला. मग खाट ओढत खोलीच्या दुसऱ्या भिंतीपाशी नेली. एवढ्यानेच दम लागला. खाटेवर टेकून त्यांनी डाव्या खांद्याखाली हात नेला. कातडीआड पेसमेकरची चकती बोटांना लागली. ती तिथे आहे, याचंच कालपासून त्यांना भय वाटू लागलं होतं.

यंत्र ग्वाल्हेरच्या इस्पितळाने दिलेलं होतं. छातीतल्या पेसमेकरकडून ते रोज खबर घ्यायचं आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. पेसमेकर बसवलेल्या रोग्यांना अशा रीतीने घरबसल्या सांभाळता येतं का, याचा इस्पितळ अभ्यास करत होतं. ही खबर वाटेत कुणी चोरणार नाही ना, तिच्या वाटेने उलट कुणी रोग्यापर्यंत पोचणार नाही ना, हे पाहण्याचं काम झाशीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजाकडे होतं. तिथे ते पाहणारा विद्याधर हा जनार्दनरावांचा जावई. रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले जनार्दनराव झाशीच्या नगरा वस्तीत शेजारपाजाऱ्यांना हे कौतुकाने सांगत. छातीवर हात ठेवून म्हणत, "हमारे दामाद के भरोसे चल रही है गाड़ी."

मग काल शेजारचे मिश्राजी वर्तमानपत्र घेऊन आले. आतल्या पानावर विद्याधरचा फोटो होता आणि वर ठळक अक्षरांत छापलं होतं, की झाशीच्या संशोधकाने दाखवून दिलं आहे, छातीतली मशीन बाहेरून थांबवता येते.

"दामादजी ने तो कमाल कर दिया, जनार्दनजी," मिश्राजी म्हणाले.

जनार्दनरावांनी मान डोलावली. चहा मात्र तसाच राहिला.

इस्पितळातून फोन गेला तो त्यांच्या मुलीला, कांचनला. शाळेत शिकवायचे तास संपल्यावर ती तशीच नगऱ्याला आली. पातेलं आणि वरवंटा पाहून दारातच थांबली.

"नाना, हे काय?"

"राहू दे."

"तुमची खबर पोचत नाही म्हणाले. मला वाटलं, लाइट गेली असेल."

"फोन तुला आला? विद्याधररावांना नाही?"

"मलाच आला. का?"

त्यांनी उशीखालून वर्तमानपत्र काढून तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही.

"वाचलंय मी. कॉलेजात केलं ते. काचेच्या भांड्यात मिठाचं पाणी घालून त्यात पेसमेकर बुडवला होता. माणसावर नाही केलं. कंपनीला तिची चूक दिसावी, ती दुरुस्त व्हावी म्हणून केलं."

"पाण्यात हात बसला, की पुढे माणसंच."

"नाना, ते तुमचं वाईट कशाला चिंततील?"

जनार्दनराव उठले आणि चादरीच्या सुरकुत्या काढू लागले. एक बाजू नीट झाली की दुसरी चुरगळत होती.  कांचननेही विषय वाढवला नाही, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं.

विद्याधरची आई, शारदाबाई, लवकर विधवा झाल्या. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबलोकांच्या घरी स्वयंपाक करून त्यांनी मुलाला शिकवलं. कांचनने हे स्थळ स्वतः ठरवलं, आणि जनार्दनरावांना ते नाइलाजाने मान्य करावं लागलं. लग्नाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत वाढपी कमी पडले. शारदाबाई नवं रेशमी लुगडं नेसून व्याह्यांच्या मांडवात उभ्या होत्या. ग्वाल्हेर-नागपूरहून आलेल्या पाहुण्यांच्या देखत जनार्दनराव त्यांना म्हणाले, "शारदाबाई, नुसत्या उभ्या काय? खोचा पदर. तुम्हाला तर सवयच आहे." चार लोक हसले. शारदाबाईंनी खरोखरच पदर खोचला आणि पंगत उठेपर्यंत वाढलं. मुंडावळ्या बांधलेला विद्याधर समोरच बसला होता. त्यानंतर शारदाबाई नगऱ्याच्या घरी कधी आल्या नाहीत. विद्याधर सणावाराला येत राहिला, वाकून नमस्कार करत राहिला, आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलला नाही. तो विसरला, असं जनार्दनरावांनी धरून चाललं होतं. आता त्यांना वाटू लागलं, इतकं गप्प कोण बसतं? ज्याला घाई नसते, तो.

रविवारी विद्याधर आला. जनार्दनराव दारातच उभे होते. फेब्रुवारीचं ऊन चांगलं तापलं होतं, तरी त्यांनी अंगात जाड कोट घालून गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

"ती बॅग बाहेर राहू द्या," ते म्हणाले. "आणि मोबाइलही."

विद्याधरने एकदा त्यांच्याकडे, एकदा कोटाकडे पाहिलं. बॅग ओट्यावर ठेवली, मोबाइल तिच्यात टाकला आणि आत आला. जनार्दनरावांनी त्याच्यासाठी खुर्ची अंगणाच्या पार पलीकडे मांडून ठेवली होती.

"बातमीत वाढवून लिहिलंय," विद्याधर बसल्यावर म्हणाला. "मोबाइलने काही होत नाही. त्याला वेगळं यंत्र लागतं. जवळ, एकाच खोलीत असावं लागतं. आणि त्या पेसमेकरचा नंबर माहीत असावा लागतो."

"म्हणजे करता येतं."

"येतं."

"तुम्हाला येतं?"

विद्याधरने मान खाली घातली. नाही म्हणाला असता, तर जनार्दनरावांना ते खोटं आहे हे कळलं असतं आणि तरीही बरं वाटलं असतं.

"मला येतं," तो म्हणाला. "पण यंत्र लावून ठेवा. ते बंद राहिलं, तर तुम्हाला काही होतंय हे कुणाला कळणार नाही."

"कुणाला कळायला हवंय?"

"डॉक्टरांना."

"बरं," जनार्दनराव म्हणाले. त्यांनी चहा विचारला नाही.

विद्याधर गेल्यावर ते खिडकीच्या फटीतून पाहत राहिले. त्याने ओट्यावर बसून बॅग उघडली, वाकून तिच्यात बराच वेळ काहीतरी केलं, मग घराकडे एक नजर टाकली आणि स्कूटर सुरू केली.

दोन दिवसांनी बड्या बाजारात किराणा घेताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकानदाराने धरून पायरीवर बसवलं, पाणी दिलं. "बाबूजी, धूप लग गई," तो म्हणत होता. जनार्दनराव छातीवर हात दाबून ठोके चाचपत होते. एक लागत होता, मग एक हरवत होता. बाजारात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावरची पिशवी ते पाहत होते.

कांचनला त्यांनी काही कळवलं नाही. यंत्र लावा, यंत्र लावा म्हणून तीही मागे लागली होती, आणि असल्या दिवसांत मुलगी बापाची की नवऱ्याची, हे कसं सांगावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्राजींना किल्ली देताना त्यांनी दतियाला देवीच्या दर्शनाला जातो म्हणून सांगितलं. गाडीत बसले, दतिया आलं आणि गेलं, आणि ते ग्वाल्हेरला उतरले.

डॉक्टर अंबिका फडणीस हा अभ्यास चालवत होत्या. त्या ग्वाल्हेरच्याच, बोलायला मोकळ्या. बाजारातली हकीकत ऐकून त्यांनी जनार्दनरावांना टेबलावर निजवलं, छातीवर एक चकती ठेवली, आणि समोरच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या.

"डॉक्टर," जनार्दनराव छताकडे पाहत म्हणाले, "आत कुणी हात घातलाय का, ते दिसतं यात?"

"म्हणजे?"

"बाहेरून कुणी काही केलंय का?"

डॉक्टरांनी काही बटणं दाबली, पडदा खालीवर केला.

"मागच्या वेळी मी तपासलं होतं. त्यानंतर याला कुणीही शिवलेलं नाही. गेले काही दिवस तर तुमच्या त्या घरच्या यंत्रानेसुद्धा नाही, कारण तुम्ही ते बंद केलंत." मग त्या समजावून सांगू लागल्या. पेसमेकरची तार हृदयाला जिथे टेकते, तिथली जागा थोडी निबर झाली होती. ठोका पोचायला आता जास्त जोर लागत होता, म्हणून मधला एखादा गळत होता. त्यांनी तिथल्या तिथे जोर वाढवून दिला. "घरचं यंत्र चालू असतं, तर हे मला आठवड्यापूर्वीच कळलं असतं. बाजारात पडायची वेळ आली नसती."

जनार्दनराव उठून सदऱ्याची बटणं लावू लागले. एक बटण चुकीच्या काजात गेलं.

"पण कळलं असतं ते आधी विद्याधररावांना," ते म्हणाले. "त्यांच्याच हाताखालून जातं ना सगळं?"

"बाकीच्या रोग्यांचं जातं. तुमचं नाही."

त्यांनी मान वर केली.

"तुम्हाला बोलले नाहीत ते? अभ्यास सुरू झाला तेव्हाच ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, सासऱ्यांचं नाव माझ्या कामातून काढा, त्यांच्या पेसमेकरचा नंबर मला कधी दिसता कामा नये. म्हणून तुमचं सगळं आम्ही इथेच, वेगळं बघतो. काही झालं तर फोनसुद्धा कांचनला करतो."

"का म्हणाले असं?"

"मी विचारलं होतं. घरचा माणूस आहे म्हणाले. मला वाटलं, नियमाला धरून चालणारे असतील." डॉक्टरांनी चकती पुसून खणात ठेवली. "एकटेच आलात? थांबा, कांचनला कळवते. झाशीला कुणीतरी उतरवून घ्यायला हवं."

परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाकावरची बाई पोराला पुऱ्या भरवत होती. तिने त्यांच्याही पुढे डबा केला, त्यांनी हात जोडले. घरचा माणूस आहे. हे शब्द त्यांनी मनात फिरवून फिरवून पाहिले. सरळ अर्थ लावला तर सरळ होते. पण आपल्या माणसाचा नंबर जवळ असावा असं कुणालाही वाटेल. तो डोळ्यांसमोरही नको, असं कुणाला वाटेल?

झाशीला उतरले, तेव्हा उन्हं कलली होती. विद्याधर फलाटावर उभा होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

"कांचनला शाळेत मीटिंग होती," तो म्हणाला. "चक्कर अजून येते का?"

"नाही."

दोघे चालू लागले. पाण्याच्या नळापाशी गर्दी होती, तिथे जनार्दनराव थांबले.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. माझा नंबर नको म्हणालात ते."

विद्याधरने पिशवीचे सुटलेले बंद ओढून घट्ट केले.

"मग त्या रविवारी सांगायचं होतंत. मी विचारलं होतं तुम्हाला."

"तुम्ही विचारलं होतं, येतं का. येतं म्हणून सांगितलं." विद्याधरने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "करावंसं वाटतं का, ते तुम्ही विचारलं नव्हतं."

लाउडस्पीकरवर कुठल्याशा गाडीला उशीर झाल्याची घोषणा सुरू झाली. यात्रीगण कृपया ध्यान दें. 

"वाटलं होतं?" जनार्दनरावांनी विचारलं.

"एकदा. लग्नानंतर आई बरेच दिवस घराबाहेरच पडत नव्हती. त्याच सुमाराला तुमची शस्त्रक्रिया झाली, आणि रोग्यांची सगळी नावं माझ्यापुढे आली. त्यात तुमचं होतं." तो नळाकडे पाहत होता. "नुसता विचार आला आणि गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ग्वाल्हेरला गेलो."

जनार्दनरावांनी तोंडावरून हात फिरवला. एक हमाल डोक्यावर गाठोडं घेऊन "बाबूजी, ज़रा बगल से" म्हणत मधून गेला, तसे ते एक पाऊल मागे सरले.

"एकदाच?" ते म्हणाले.

"हो."

"तुमच्या जागी मी असतो, तर मला रोज वाटलं असतं."

विद्याधरने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते विनोद करत नव्हते.

पुलाच्या जिन्यावर उतारूंची रेटारेटी चालली होती. ती ओसरेपर्यंत दोघे बाजूला थांबले. मग जनार्दनरावांनी आधी कठड्याकडे हात नेला, तो मध्येच सोडला आणि विद्याधरचा दंड धरला. विद्याधरने पावलं लहान केली.