डाव्या कोपऱ्यातले लेबल

मित्रांनो, मी एक जुनी लेबल-गन आहे. दुकानातल्या वस्तूंवर किमतीचे छोटे पिवळे लेबल असते ना, ते चिकटवण्याचे काम माझे. माझ्यासारख्या इतर गनना आपल्या कामाचा अभिमान असेल. मला माझ्या कामाची लाज वाटते, आणि का वाटते ते सांगितल्याशिवाय आता चैन पडणार नाही.

मी कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात अंकांची चाके होती, शाईचा एक रूळ होता आणि लेबलांची गुंडाळी. चाक फिरवले की अंक बदलायचा आणि खटका दाबला की टक्-खट् करून लेबल बाहेर यायचे. किंमत किती लावायची हे ठरवणे माझ्या हातात नव्हते. मला मुळात हातच नाहीत!

माझे दुकान खेळण्यांचे आणि वह्या-पेन्सिलींचे. मालकांना सगळी मुले दुकानदारकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता. कुणाला दोन-तीन नाणी कमी पडली तर ‘राहू दे, पुढच्या वेळी दे’ असे म्हणून मोकळा होणारा. पहिली काही वर्षे मी खोडरबरांवर, चेंडूंवर आणि कंपासपेट्यांवर इमानेइतबारे किमती छापल्या. त्या वर्षांबद्दल मला काहीच म्हणायचे नाही.

मग पत्त्यांची पाकिटे आली. हे पत्ते खेळायचेही आणि जमवायचेही. एका बंद पाकिटात दहा पत्ते, पण आत कोणते हे फोडल्याशिवाय कळत नसे. एकूण ऐंशी प्राणी, त्यांतले चारच चकचकीत, आणि त्या चारांत सगळ्यांत दुर्मीळ ‘वादळी घुबड’.

पहिल्या दिवशी मी पाकिटांवर मधोमध वीस छापले. कुणी ढुंकूनही पाहिले नाही. महिन्याभराने काकांनी माझी चाके मागे फिरवली आणि पंधरा केले. मग शाळेत कुणीतरी घुबड मिरवले, मुलांना चटक लागली, आणि पुन्हा वीस झाले, पाठोपाठ पंचवीस. अशातच कंपनीने ही मालिका छापणे बंद केले. झाले! चाळीस, साठ, नव्वद. पाकीट तेच आणि आतले प्राणीही तेच, पण जुन्या लेबलावर नवे, त्यावर आणखी नवे लागून पाकिटांना टेंगळे आली. काकांनी कधी नव्हे ते माझे शेकड्याचे चाक फिरवले तेव्हा मी हुरळून गेले. खोटे कशाला बोलू, मोठा आकडा छापताना मला भारी वाटायचे.

त्याच दिवसांत दाताचे एक डॉक्टर दुकानात येऊ लागले. ते पाकिटे फोडत नसत, नुसती जमवत.

“चकचकीत पत्ते असलेली पाकिटं वेगळी काढून दिलीत तर दीडशेला एक घेईन,” ते एकदा म्हणाले.

काका हसले. “अहो, बंद पाकिटात काय आहे ते मला काय स्वप्नात दिसणार?”

“त्या पत्त्यांवर चंदेरी थर असतो. पाकीट किंचित जड होतं. वजन करून बघा.”

दुसऱ्याच दिवशी, दुपारी दुकान बंद असताना, काकांनी एक छोटा वजनकाटा आणला, सोनाराकडे असतो तसा. जुनी लेबले खरवडून एकेक पाकीट ते त्यावर ठेवत. जड निघाले की मी त्याच्या उजव्या कोपऱ्यात दीडशे छापायची आणि ते खालच्या खणात जायचे. हलके निघाले की डाव्या कोपऱ्यात चाळीस. ती हलकी पाकिटे काचेच्या बरणीत भरून काकांनी बरणीवर कागद चिकटवला : ‘नशीब आजमावा’. पाकिटांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही कोपऱ्यांची खूण. ती काकांना ठाऊक होती आणि मला.

दर शनिवारी एक नऊ वर्षांची मुलगी आपल्या आजोबांचे बोट धरून यायची. एका जागी ठरत नाही म्हणून आजोबा तिला भिंगरी म्हणत. ते शिवणयंत्रे दुरुस्त करायचे. भिंगरीकडे एकोणऐंशी प्राणी जमले होते. तीन चकचकीत पत्ते तिला वजनकाटा येण्याआधीच मिळाले होते. राहिले होते फक्त घुबड. ती डोळे मिटून बरणीत हात घाली, पाकीट फोडी आणि मान खाली घाली. रिकामे पाकीट मात्र टाकत नसे. लेबलासकट सपाट करून एका वहीत चिकटवून ठेवी.

असे कितीतरी शनिवार गेले. एकदा तिने हात मागे घेतला आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही काढा. माझा हात वाईट आहे.”

“काय बाई हे खूळ!” आजोबा काकांना सांगू लागले. “परवा शाळेत खेळाच्या चिठ्ठ्या काढायच्या होत्या. ही पुढेच होईना. म्हणे, मी हात लावला की सगळ्यांचं वाटोळं होतं. आता घरी जेवायची पानंसुद्धा मांडत नाही. तुम्हीच समजवा हिला.”

काका वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत म्हणाले, “नशिबाचा खेळ आहे, पोरी. मिळेल कधीतरी.”

बरणीत एकही घुबड नव्हते, मित्रांनो. मी तिथेच, बरणीला टेकून पडले होते. माझ्या पोटात त्या वेळी दीडशेचा आकडा लावलेला होता.

पुढे कंपनीने तीच मालिका पुन्हा छापली आणि भाव धाडकन कोसळले. डॉक्टर यायचे बंद झाले. खणात पडून राहिलेल्या जड पाकिटांवर, दीडशेच्या लेबलावरच, मी तीस छापले आणि काकांनी ती बरणीत ओतली.

त्या शनिवारी भिंगरीला घुबड मिळाले. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र नाचली नाही. तिने आधी त्या पाकिटावरचे लेबल नखाने उचकटून पाहिले, मग पिशवीतून वही काढून काउंटरवर उघडली.

“काका, आधी लेबलं मध्ये असायची. मग सत्तावीस शनिवार सगळी डावीकडे. घुबडाचंच उजवीकडे कसं? आणि याच्या खाली दीडशे लिहिलंय. दीडशेचं पाकीट बरणीत कधी होतं?”

काकांचे कान लाल झाले. त्यांनी मला उचलले आणि म्हणाले, “अगं, ही गनच बिघडलीय. काहीही छापते, कुठेही चिकटवते. तू घेऊन जा खेळायला. मी नवीन आणणारच आहे.”

अशी मी आजोबांच्या कामाच्या टेबलावर पोहोचले. त्यांनी माझे पोट उघडले, चाके पुसली, तेलाचे दोन थेंब सोडले आणि एका कागदावर ओळीने वीस लेबले मारली. मग चष्मा कपाळावर सरकवला.

“हिच्यात काही बिघाड नाही, भिंगरी. चाक फिरवू तो आकडा छापते, हात नेईल तिथे चिकटवते.”

भिंगरीने आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. “म्हणजे माझा हात वाईट नव्हता?”

“नव्हता गं, बाळा. कधीच नव्हता.”

तेव्हा ती रडली. घुबड मिळत नव्हते तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. मी निर्दोष ठरले होते, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. सत्तावीस वेळा ती खूण मी केली होती, आणि मनातल्या मनात मोठ्या आकड्यावर खूश होते.

पुढच्या शनिवारी तिने मला परत दुकानात नेले. दुकानात आणखी चार-पाच मुले होती. तिने मला काउंटरवर ठेवले आणि माझ्याशेजारी घुबड ठेवले.

“गन चांगली आहे, आजोबांनी बघितली. आणि हे घुबड तुमचंच. मला नको.”

काकांनी बरणी पुढे ओढली. मग त्यांनी ‘नशीब आजमावा’चा कागद फाडला आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले, “मी पाकिटं वजन करून वेगळी काढत होतो. चूक माझी आहे. भिंगरी, तुझा हात चांगला आहे गं.”

“माहितीय,” ती म्हणाली. “आजोबांनी सांगितलं.” आणि आजोबांचे बोट धरून निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला तेल द्या, असे काही मी मागणार नाही. उद्या तुमच्यापैकी कुणी दुकानदार झालात आणि माझ्यासारखी एखादी गन हातात घेतलीत, तर खटका दाबण्यापूर्वी बरणीपुढे कोण उभे आहे ते तेवढे बघा. ते घुबड अजून गल्ल्याशेजारी आहे. मुले त्याचा भाव विचारतात. काका मला उचलतात, चाकांवर अंगठा ठेवतात आणि काहीही न छापता पुन्हा खाली ठेवतात.