मास्तर मागच्या बाकावर

बाबांना पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर तीन आठवड्यांत त्यांची वाचा परत आली, पण आकडे काही आले नाहीत. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, त्या गणिताच्या मास्तरांना आता बशीत बिस्किटं किती उरली तेही सांगता येईना.

त्यांची लेकही शिक्षिकाच, दुसरीच्या वर्गाची. आपल्याला कधीतरी रडू फुटेल म्हणून तिने वाट पाहिली. फुटलं नाही. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून झाली होती. शाळेतून यायची, बाबांना औषध द्यायची, चहाचं आधण ठेवायची, वह्या तपासायला बसायची.

"रोज थोडं मोजून घ्या त्यांच्याकडून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, म्हणून तिने वर्गातला डबा घरी आणला. त्यात शर्टांची जुनी बटणं होती आणि दहाच खळगे राहतील असा कापलेला अंड्यांचा ट्रे. एकेकाळी बाबा या डब्याला नाक मुरडायचे. "गणित डोक्याने करायचं असतं. ही खेळणी कसली?"

आता ते निमूटपणे मोजू लागले. बोट एका बटणावर, तोंडात आकडा दुसऱ्याचाच. एक बटण दोनदा मोजलं, एक गाळलं. ही चूक तिच्या रोजच्या ओळखीची होती. तिने टेबलावर खडूने रेघ ओढली.

"बाबा, बटण रेघेपलीकडे, ट्रेच्या खळग्यात सरकवा, मगच आकडा बोला. सरकवलेल्याकडे परत बघायचं नाही."

पाचपर्यंत जमलं. सहाला त्यांनी ट्रे भिरकावला. बटणं कपाटाखाली गेली. तिने झाडू घेऊन ती एकेक करून बाहेर काढली. रागसुद्धा आला नाही.

पुढच्या मंगळवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मामा तिच्यासोबत गेला आणि बाबांना एकटं ठेवायची पंचाईत झाली. मोठ्या बाईंची परवानगी काढून लेकीने त्यांना आपल्या वर्गात आणलं, मागच्या बाकावर बसवलं. शेजारी एक मुलगी होती. नखाएवढी, म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. तिचंही मोजणं अजून अडखळतच होतं. दोघांच्या मध्ये बटणं आणि एक ट्रे दिला.

"आजोबा, चुकताय तुम्ही," थोड्या वेळाने टिकलीचा आवाज आला. "सरकवल्याशिवाय बोलायचं नाही."

"असं होय?"

"हो. आणि घाई नाही करायची. बाई ओरडत नाहीत."

तेवढ्यात बाबांचा हात वर गेला. फळ्यापाशी उभ्या असलेल्या लेकीचे खांदे आपोआप आखडले. नऊ वर्षांची असताना ती याच माणसाच्या वर्गात होती. तो हात वर गेला की पुढे काय, ते तिच्या अंगाला ठाऊक होतं. पण हात वरच राहिला.

"बाई," बाबा म्हणाले, "सात खळगे भरले."

"मग दहाला किती कमी?"

बाबा रिकाम्या खळग्यांकडे बघत राहिले. टिकलीने ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्याचं उत्तर सांगायचं नाही, असा वर्गाचा नियम होता.

"तीन."

"बरोबर," ती म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "मी मुलांना मारायचो का गं?"

"हो."

"तुला?"

"मला जरा जास्तच."

"कशापायी?"

"तेराचा पाढा यायचा नाही."

"एवढ्यासाठी?" ते थांबले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आता तरी आत काही हलेल असं तिला वाटलं. हललं नाही काहीच. समोरून बस येत होती.

"हात धरा, रस्ता ओलांडायचाय," ती म्हणाली. त्यांनी धरला.

आईचा डोळा बरा झाला, तरी त्या वर्षी बाबा दर मंगळवारी वर्गात आले. वीसपर्यंत पोचले, त्यापुढे त्यांची गाडी सरकली नाही. टिकली तोवर शंभराच्या पार गेली होती, पण मंगळवारी ती आपली पाटी-दप्तर उचलून मागे जाऊन बसायची.

परीक्षेच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी सहज विचारलं, "वडील कसे आहेत?"

"मजेत आहेत," ती म्हणाली. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण उगाच म्हणायचं म्हणून म्हटलेलं नाही. मग तिने गठ्ठ्यातली पुढची वही ओढून घेतली.