पान अठ्ठ्याऐंशीवरची वाट

ओक्को रेमर्सने लिहिलेल्या सागरप्रवासाच्या अकरा पुस्तकांत त्याची होडी 'मेटा' एकदाही रुतली नव्हती. लिस्बन, आइसलंड, अझोरेस करून आली. घरच्या किनाऱ्यावर तर शेकडो वेळा चिखलावर बसली, पण बसली ती ओक्कोच्या मर्जीने. इथे दिवसातून दोनदा समुद्र उठून निघून जातो आणि मैलोन्‌मैल चिखल मागे ठेवतो. सपाट तळाची होडी नांगर टाकून बसवावी, चहा करावा, पाणी परतायची वाट बघावी, यात कमीपणा नाही. रुतणं वेगळं. नांगर आधी पडला तर होडी टेकली. होडी आधी थांबली तर रुतली. बंदरात माणसाची अब्रू एवढ्या फरकावर ठरते.

म्हणून मुलीची अट त्याने हसत मान्य केली होती. डिसेंबरात त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, मार्चमध्ये त्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलं. गेशे हॅनोव्हरला पुलांची तपासणी करायची. धोका मोजणं तिचा रोजचा धंदा. ती म्हणाली, एकदा माझ्यासोबत बाल्ट्रम बेटावर चला. सुकाणू तुमच्या हाती, मी बोट लावणार नाही. चूक न करता पोचलात तर होडी तुमची; नाहीतर शरदात विकायची. गिऱ्हाईकही तिने बघून ठेवलं होतं.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहाला ते निघाले. पूर्ण भरती सात दहाला होती. धक्क्यावर त्याचा बंदरातला दोस्त हाब्बो दोर सोडायला उभा होता. चिखलातून बेटाकडे जाणारा पाण्याचा चर दाखवायला दर एप्रिलला बंदरातली माणसं बर्चच्या फांद्या रोवतात. चाळीस वर्षं त्या ओक्कोच्या देखरेखीखाली रोवल्या गेल्या. यंदा तो अंथरुणात होता, म्हणून काम हाब्बोने केलं.

"फांद्यांकडे बघून जा," हाब्बो म्हणाला. "वादळांनी चर पूर्वेला सरकलाय."

"चर मला शिकवतोस? तू तो माझ्या पुस्तकातून शिकलास."

"शिकलो खरा. पण चराने ते वाचलेलं नाही, लेका."

गेशे हसली. ओक्को हसला नाही.

तासाभराहून अधिक सगळं सुरळीत चाललं. वारा बेताचा होता, शीड भरलेलं. मग फांद्यांची रांग उजवीकडे वळली. ओक्कोच्या पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर लिहिलं होतं की मागचा चर्चचा मनोरा आणि पंपघर एका रेषेत धरून सरळ जावं. ओक्कोने मागे पाहिलं. मनोरा आणि पंपघर एका रेषेत होते. माझ्याशिवाय रोवल्या आणि वाकड्या रोवल्या, असं मनाशी म्हणत तो सरळ गेला.

सात पन्नासला तळातून एक लांब खरखर आली. कुणी खालून हात धरावा तशी होडी मंदावली आणि थांबली. ओक्को उठला, पुढे गेला आणि दहा सेकंदांत नांगर पाण्यात सोडला. या वयाला तो वेग थक्क करणारा होता.

"इथेच टेकू म्हटलं," तो म्हणाला. "चहा टाकतो."

गेशेने मान डोलावली. त्याने कपात खडीसाखर घातली, वर कडक चहा ओतला, कडेने साय सोडली. तिथल्या रीतीप्रमाणे कुणीच ढवळलं नाही. साखर तडकल्याचा आवाज दोघांनी ऐकला. तेवढ्यात साठ-सत्तर मीटरवरून, फांद्यांच्या कडेने, हाब्बोची होडी गेली.

"टेकलास की रुतलास?" त्याने ओरडून विचारलं.

ओक्कोने नांगराच्या साखळीकडे बोट दाखवलं. हाब्बोने टोपी किंचित उचलली आणि तो पुढे गेला.

दुपारी पाणी पूर्ण ओसरलं. गेशे शिडीवरून अनवाणी उतरली. ओक्को वरून बघत होता. होडीमागे चिखलात तळाने ओढलेली चरी होती, सरळ, पट्टीने आखल्यासारखी. गेशे तिच्या कडेने पावलं मोजत गेली आणि परत आली. एकवीस. मग ती पुढच्या टोकाशी थांबली. नांगर होडीच्या नाकाखालीच पडला होता आणि साखळीचा ढीग त्याच्यावर. आधी टाकलेला नांगर होडीपासून लांब, साखळी ताणून पडतो, हे तिला पाचव्या वर्षापासून माहीत होतं.

संध्याकाळी पाणी येऊन हे सगळं पुसणार होतं. नुसतं गप्प बसलं की होडी आपली, हे ओक्कोला कळत होतं. तो सावकाश शिडी उतरला.

"बाबा," गेशे म्हणाली, "मी नऊ वर्षांची असताना आपण यूस्ट बेटाच्या दक्षिणेला अकरा तास बसून होतो. पुस्तकात लिहिलंय, मुलीला सील प्राणी दाखवायला मुद्दाम थांबलो."

"सील आले होते की."

"आले होते. मी नांगराचं विचारतेय."

ओक्को साखळीच्या ढिगाकडे बघत राहिला. "तेव्हाही नंतरच टाकला होता," तो म्हणाला. "आणि आज रुतलो. हाब्बोने सांगूनसुद्धा. मला वाटलं, माझ्याशिवाय कुणाला फांदी सरळ रोवताच येणार नाही."

तो वर गेला, होडीची रोजनिशी काढली आणि लिहून ती तिच्यापुढे धरली. '७.५०. रुतलो. कारण, नावाड्याचा हट्ट. पान ८८ चुकीचं.'

"गिऱ्हाइकाला फोन कर," तो म्हणाला.

गेशेने ते दोनदा वाचलं. "तडे नोंदलेल्या पुलाची मला भीती नसते," ती म्हणाली. "दर वर्षी 'सर्व ठीक' लिहिलेल्या पुलाची असते. तुमची अकरा पुस्तकं तशीच आहेत."

"मग अट?"

"ती रद्द. आता नवी. एकट्याने जायचं नाही. एप्रिलला हाब्बोबरोबर जायचं, नुसत्या फांद्या हातात द्यायला का होईना. आणि बारावं पुस्तक लिहायचं, जिथे जिथे रुतलात त्याचं."

"जाडजूड होईल," ओक्को म्हणाला.

सातला पाच कमी असताना होडी हलली, तरंगली. चरी पाण्याखाली गेली होती. बेटाकडून परतणारा हाब्बो पुन्हा दिसला, तेव्हा ओक्कोने स्वतःहून हाक मारली.

"हाब्बो, रुतलो होतो."

"ठाऊक आहे," पलीकडून उत्तर आलं. "बंदरावरून अख्ख्या होडी-क्लबने दुर्बिणीतून पाहिलं. चहा मात्र झोकात केलास."

गेशे शीड चढवायला पुढे गेली. ओक्कोने सुकाणू फिरवलं आणि 'मेटा' चरात आणली. पहिल्या फांदीजवळून जाताना त्याने ती वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. सरळ रोवली होती.