बोटीला ओरखडा नको

गादीवाल्यांनी बोट घेतली ती बायकोसाठी, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं सगळं ऐकल्यावर कुणाला ते खरं वाटायचं नाही. बायकोची ताई खाडीपलीकडच्या गावात राहायची. रस्त्याने अर्धा दिवस, आणि बसमध्ये पाय ठेवला की बायकोच्या पोटात ढवळायला लागायचं. म्हणून जन्मभर सोफे आणि गाद्या शिवलेल्या या माणसाने एक जुनी बोट घेतली, ती गडद निळी रंगवून घेतली आणि बायकोला सांगितलं, "आता म्हणशील तेव्हा ताईकडे." बिचारे अगदी मनापासून म्हणाले होते.

धक्क्याजवळ पाणी उथळ. त्यामुळे बोट आत, खोल पाण्यात नांगरलेली असे, आणि तिच्यापर्यंत जायला एक लाकडी होडी होती. तिथेच सगळं घोडं अडलं. होडी बोटीला बांधून ठेवली की वारा फिरायचा, पाणी फिरायचं, आणि होडी येऊन निळ्या रंगावर आपटायची. ठक! पहिला ओरखडा दिसला त्या दिवशी गादीवाल्यांना जेवण गेलं नाही.

"बोट म्हटली की ओरखडे आलेच," रंगारी म्हणाला. "एक जुना टायर बांधा आणि विसरून जा."

टायर! निळ्या रंगावर काळे डाग! गादीवाल्यांनी रंगाऱ्याशी बोलणंच टाकलं आणि सुई-दोरा काढला. होडीच्या काठाला सगळीकडून फोम, वर रेक्झिन, कडेला दुहेरी शिलाई. पण रेक्झिन घासून रंगाची चमक जायला लागली, म्हणून रेक्झिनवर मखमल. मखमल भिजायची, म्हणून तिला खोळ. खोळ मळू नये म्हणून वर प्लास्टिक. मग त्यांच्या डोक्यात आलं, नुसती होडी मऊ असून काय फायदा? त्यांनी बोटीच्याच दोन्ही बाजूंना गाद्या टांगल्या. निळा रंग आता कुणालाच दिसत नव्हता, पण आत तो सुखरूप आहे एवढ्यावर गादीवाले खूश होते.

"या रविवारी जायचं ना?" बायको दर आठवड्याला विचारायची.

"एवढं होडीचं मार्गी लागू दे गं."

ती नावाड्याची मुलगी. बोटींना काय लागतं आणि काय नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. पण नवऱ्याच्या हौसेवर पाणी नको म्हणून ती गप्प बसायची. मग एक दिवस ताईचा फोन आला. मुलगा तिला कायमचं आपल्याकडे न्यायला येत होता, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी संध्याकाळी निघणार. "एकदा भेटून जा गं," ताई म्हणाली. "आता पुन्हा कधी भेट होते, कुणास ठाऊक."

रविवारी सकाळी दोघं होडीतून बोटीपाशी आले. गादीवाले वर चढले, टांगलेल्या गाद्या सोडून एकेक खाली देऊ लागले आणि बायको त्या होडीत रचत गेली. तो पहिला ओरखडा सोडला, तर निळा रंग नवाकोरा! गादीवाल्यांचे डोळे भरून आले. मग ते एकदम खाली बसले.

"या होडीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? मागे बांधा."

"आपण थांबलो की ती मागून येऊन आदळणार."

"मग वर घ्या."

"आणि वरच्या फळ्यांचं पॉलिश?"

"मग इथेच ठेवा."

"पलीकडे उतरणार कसं? तिथेही उथळच आहे." गादीवाल्यांनी कपाळाला हात लावला. "आज राहू दे. पुढच्या रविवारी नक्की."

"पुढच्या रविवारी ताई नसेल," बायको म्हणाली. तिने दोरी सोडली, वल्हं निळ्या रंगावर टेकवून होडी दूर ढकलली आणि वल्हवायला लागली.

नवा ओरखडा चांगला हातभर लांब होता. पण गादीवाल्यांच्या काळजात चर्र झालं ते तिची पाठ बघून. त्यांनी घाईघाईने नांगर उचलला, इंजिन सुरू केलं आणि तिला गाठलं.

"अगं, वर ये! नेतो ना तुला!"

"लांब ठेवा बोट," ती मागे न बघता म्हणाली. "होडीला धक्का लागेल."

मग काय, पुढे गाद्यांनी भरलेली होडी आणि मागे मुंगीच्या पावलांनी चाललेली बोट, अशी वरात खाडीपार गेली. ताई धक्क्यावर उभी होती. बोट खोल पाण्यातच थांबली, होडी तेवढी पुढे गेली.

"एवढ्या गाद्या कशाला गं?" ताईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला.

"रिकाम्या हाताने कशी येणार?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग त्यांनी धक्क्यावरच गादी पसरली आणि बसल्या. कधी हसत होत्या, कधी पदराने डोळे पुसत होत्या. मेहुणीला निरोपाचे दोन शब्द गादीवाल्यांनाही बोलायचे होते.

"अगं, होडी आण ना!" त्यांनी हाक मारली.

"आणते हो, जरा बोलू द्या!"

गादीवाले बोटीच्या कठड्याला धरून उभे राहिले. होडी धक्क्याला बांधलेली, जागची हलत नव्हती. कधी एकदा ती येऊन दाणकन आपटते, असं त्यांना झालं होतं.