बांधावरची केबल

पितांबरकाकांच्या गावात इंटरनेटची केबल टाकली ती मीच, हेमकांतने. काकांना मी तेव्हाच सांगितलं होतं, की पोलादी कवचाची घ्या, जमिनीतून नेऊ. मग उंदराची भीती नाही की आगीची. पण काका चर खणू देतील तर शपथ! "मन्हा ऊस मरी जाई. वरतीनच टाक." शेवटी साधी केबल बांधावरच्या खांबांवरून ओढली. गावात मोबाइलला रेंज नाही. सुरतेला दिलेल्या लेकीचं, मयूरीचं तोंड सरलाकाकूंना त्या केबलमुळेच दिसायचं.

ऊस तुटला आणि काकांनी दरवर्षीसारखं पाचट पेटवून दिलं. स्वतःच्याच केबलखाली! त्याच वेळी घरात मयूरी आईला रडत रडत काहीतरी सांगत होती. सांगता सांगता चित्र गोठलं, तिचं तोंड पडद्यावर उघडंच राहिलं. काकूंनी शहाद्याला जाऊन फोन लावला, तर पोरीचा बंद आणि जावई उचलेना.

मी पोहोचलो तोवर तुटलेल्या उसाच्या बुडख्यांना राखेतून खोडव्याचे हिरवे कोंब फुटले होते.

"आता तरी जमिनीतून नेऊ ना?" मी चिडून विचारलं.

"खोडवा फुटी ऱ्हायना," काका म्हणाले. "खंदू नको."

काकूंनी माझ्या गाडीतली कुदळ ओढून काढली आणि कोंबांवरच पहिला घाव घातला. "तू तार लयी ये," त्या म्हणाल्या.

शहाद्याहून निघताना मी मयूरीला फोन लावून पाहिला होता. नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकू आलं होतं. मी गाडीतून पोलादी कवचाची केबल उतरवली.